इन्स्टावर नवीन चित्रकार? मग आधी एवढं सेट करून घ्या

हे कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. फाउंडेशन, एटीडी नाहीतर जीडी आर्ट असे चित्रकलेचे कोर्स करून नुकतेच बाहेर पडलेले, दिवसा आयटीत नोकरी आणि रात्री चित्रं असं चाललेले, घरून पोर्ट्रेट आणि नेमप्लेटच्या ऑर्डर घेणारे, आणि मुलं मोठी झाल्यावर परत ब्रश हातात घेतलेल्या सगळ्या ताया. मी राहते कळव्याला, क्लास घेते ऐरोलीला, आठवडाभर एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं आणि शनिवारी मोठ्यांची वॉटरकलरची बॅच, आणि त्या मोठ्यांच्या बॅचमध्ये हल्ली रंगांपेक्षा जास्त बोलणं रीच का पडला, म्हणजे पोस्ट आधीइतक्या लोकांना का दिसत नाही, यावर होतं, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू, दर शनिवारी तेच तेच नको.

अ‍ॅप डिलीट करा, महिनाभर डिटॉक्स करा, असला सल्ला इथे मिळणार नाही. ज्याला ऑर्डरीवर घरभाडं भरायचंय त्याला हे सांगून काय उपयोग? गिऱ्हाईक तिथूनच येतं, निदान सुरुवातीला तरी.

माझं म्हणणं एवढंच की चित्रकाराची इन्स्टावर तीन वेगवेगळी कामं असतात. दाखवणं, विकणं आणि बघणं. अ‍ॅप ही तिन्ही कामं एकाच खिडकीत कोंबतं आणि सगळा घोळ तिथे होतो. आपण चित्र टाकायला म्हणून आत जातो, तेवढ्यात वर कोणाचा तरी 'प्राइस प्लीज' दिसतो, त्याला उत्तर देणार तोवर मध्येच एक रील सुरू होते आणि मग पाऊण तास आपण कुठल्यातरी परदेशी बाईंचे जलरंग बघत बसतो, वर स्वतःच्या चित्राबद्दल वाईट वाटून घेतो, आणि आपलं चित्र टाकायचं राहिलंच. तर ही तीन कामं सुटी करायची, प्रत्येकाला वेगळी वेळ आणि जमलं तर वेगळी जागा द्यायची, बाकी सगळं त्यातूनच येतं.

पहिलं काम: आठवडाभर काहीच बदलू नका, फक्त नोंद ठेवा

अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग, आयफोनमध्ये स्क्रीन टाइम. तिथे एकूण तास दिसतात ते सगळेच बघतात आणि घाबरतात, पण तो आकडा फार कामाचा नाही. कामाचा आकडा म्हणजे दिवसात फोन किती वेळा उघडला, तो पण तिथेच मिळतो. आणि सोबत एक साधी वही ठेवा, अ‍ॅप उघडताना द, वि की ब एवढं एक अक्षर लिहायचं, आणि बंद करताना प्रत्यक्षात काय झालं ते दुसरं अक्षर. माझ्या बॅचमधल्या बहुतेकांच्या वहीत पहिल्या रकान्यात द असतो आणि दुसऱ्यात ब. हे एकदा स्वतःच्या अक्षरात दिसलं की पुढचं पटवायला मला फार बोलावं लागत नाही.

दुसरं: अकाउंट वेगळी करा

चित्रांचं अकाउंट वेगळं आणि घरचं वेगळं. घरच्यावर मावशी, शाळेचा ग्रुप, भाचीचा वाढदिवस. चित्रांच्या अकाउंटला प्रोफेशनल करून घ्या, पैसे लागत नाहीत. त्यात क्रिएटर आणि बिझनेस असे दोन प्रकार असतात, एकटा चित्रकार असाल तर क्रिएटर घ्या कारण बिझनेसला चालू गाणी फारशी मिळत नाहीत, मग लोक म्हणतात माझ्याच फोनमध्ये हे गाणं का नाही. प्रोफेशनलचा खरा फायदा म्हणजे पोस्ट आधीच शेड्यूल करता येते, पंचाहत्तर दिवस पुढपर्यंतची. ह्याच्यावर पुढे येते.

आणि ऑर्डरीसाठी दुसरं सिम आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. हे अ‍ॅप २०१८ पासून आहे, फुकट आहे, आणि तरी अर्धे आर्टिस्ट अजून पर्सनल नंबरवर ऑर्डर घेतात आणि मग रात्री डीपीवर आईचा फोटो बघून गिऱ्हाईक विचारतं, काकू आहेत का घरात.

तिसरं: वॉश सुकायच्या वेळेचं काहीतरी करा

हे कुठल्याच सोशल मीडियाच्या लेखात सापडणार नाही कारण ते लिहिणारे चित्र काढत नाहीत. आपण फोन उचलतो तो कंटाळा आला म्हणून नाही, आपण उचलतो वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, ओला असतो म्हणून. आकाशाचा पहिला वॉश टाकला, आता तो सुकेपर्यंत हात लावायचा नाही, मग हात कुठे जाणार? फोनवर. उन्हाळ्यात पंख्याखाली पटकन सुकतं, पण जुलैमध्ये खाडीकडच्या त्या दमट हवेत तीनशे जीएसएमचा जाड कागद सुकता सुकत नाही. हाताची मागची बाजू हलकेच टेकवून बघा, गार लागलं म्हणजे आत अजून पाणी आहे. अशा दिवशी एका चित्रात पाच-सहा वेळा तरी ही मोकळी वेळ येते, आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटं म्हणून उचललेला फोन वीस मिनिटं हातात राहतो, तोपर्यंत वॉश सुकून खडखडीत, कडा नरम करायची वेळ गेलेली, आणि वर डोक्यात दुसऱ्याचंच चित्र बसलेलं.

उपाय एकदम साधे आहेत. एक म्हणजे दोन चित्रं एकावेळी लावा, एकाचा वॉश सुकतोय तोवर दुसऱ्याचं पेन्सिल ड्रॉइंग. नाहीतर त्या वेळेचं काम ठरवून ठेवा, पॅलेट पुसणं, मास्किंग टेप कापून ठेवणं, पुढच्या रंगाची ट्रायल वेगळ्या तुकड्यावर घेणं. हेअर ड्रायर चालतो पण लांबून धरा आणि रंग वाहत असताना नको. आणि फोन टेबलावर ठेवायचाच नाही, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. दुसरी खोलीच नसेल, आपल्याकडे वन रूम किचनमध्ये चित्रं काढणारे कितीतरी आहेत, तर फ्रिजच्या वर ठेवा. उठून जावं लागलं पाहिजे एवढंच.

अजून एक सांगते, ज्यांना वरचं सगळं मनावर घ्यायचं नाहीये त्यांच्यासाठी. फोन हाताळून त्याच बोटांनी कागदाला हात लावला की बोटांचा तेलकटपणा कागदावर बसतो आणि तिथे वॉश नीट धरत नाही, फिकट डाग राहतो. माझ्या काही विद्यार्थ्यांचा फोन फक्त ह्या एका कारणाने लांब गेला.

रेफरन्स फोटो फोनमध्येच असतो ही सगळ्यांची हक्काची सबब. फोटोची प्रिंट काढा, झेरॉक्सच्या दुकानात ए४ कलर प्रिंट काही फार महाग नाही, किंवा जुना फोन असेल तर त्यात सिम आणि वायफाय काहीच न टाकता फक्त फोटो ठेवा.

चौथं: दाखवणं, आठवड्यातून एकदाच बसून

थोडा इतिहास सांगते, नाहीतर आपल्यालाच वाटत राहतं की आपलं काहीतरी चुकतंय. इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झालं ते फोटोसाठी, चौकोनी फोटो, आपल्या चित्रांसाठी एकदम बरं. मग जून २०२० मध्ये भारतात टिकटॉक बंद झालं, आणि जुलैमध्ये लगेच इथे रील्स आल्या. २०२१ मध्ये इन्स्टाच्या प्रमुखाने, अ‍ॅडम मोसेरीने, स्वतःच सांगितलं की आता आम्ही फक्त फोटो शेअर करायचं अ‍ॅप नाही राहिलो. म्हणजे नुसत्या चित्राच्या फोटोला आधीसारखा रीच मिळत नाही ह्यात तुमच्या चित्राचा दोष नाहीये, दुकानानेच धंदा बदलला. तो आकडा बघून शैली बदलायला जाऊ नका. मोर-राधाकृष्ण चाललं म्हणून सगळ्यांनी मोर-राधाकृष्ण काढायचं हे मी डोळ्यांनी बघितलंय, समोर माणूस बसवून चांगली लाइफ ड्रॉइंग काढणारी पोरं.

तर करायचं काय? आठवड्यातला एक दिवस धरा, समजा रविवार सकाळ. आठवड्याची चित्रं खिडकीजवळ, थेट ऊन नको, सावलीतल्या उजेडात फोटो काढा. ट्यूबलाइटखाली सगळं निळं-हिरवं दिसतं आणि मग गिऱ्हाईक म्हणतं फोटोत वेगळं होतं. फोटो बारीक करूनच टाका, रुंदी १०८० पिक्सेल, इन्स्टाला तेवढंच पुरतं, आणि तेवढ्या फाइलची नीट प्रिंट तीनशे डीपीआयला जेमतेम साडेतीन इंच निघते, म्हणजे कोणी उचललंच तर पोस्टर करून विकता येणार नाही. सही कोपऱ्यात नको, कापता येते, चित्राच्या आत कुठेतरी घ्या. मजकूर आधी नोट्समध्ये लिहा, मग दोन-तीन पोस्ट शेड्यूलला लावून बंद. जमत असेल तर हे लॅपटॉपवर मेटा बिझनेस सूटमधून (मेटा म्हणजे इन्स्टाची मालक कंपनी) करा, तिथे रील समोर येऊन नाचत नाही, कारकुनी काम वाटतं आणि तसंच वाटलं पाहिजे.

अर्धवट चित्राची स्टोरी त्याच दिवशी टाकायची नाही, हा माझा क्लासचा नियम आहे आणि ह्यावर भांडणं होतात. कारण असं की अंडरड्रॉइंगला, म्हणजे रंगाखालच्या पेन्सिलच्या कामाला, वीस फायर इमोजी आले की ते पुसायची हिंमत होत नाही, नाक चुकलंय हे दिसत असतं तरी. आधी चित्र पूर्ण करा, मग स्टेप्सचे फोटो हवे तेवढे टाका, बघणाऱ्याला थोडीच कळतंय ते कधीचे आहेत.

रीलचं म्हणाल तर करा, पण प्रत्येक चित्राची नको. वरून मोबाईल लावला की आपलं डोकं फ्रेममध्ये येतं, म्हणून आपण बाजूला वाकून काढतो, कागद तिरका दिसतो आणि मग पोर्ट्रेटमध्ये एक डोळा वर जातो. शिवाय कॅमेरा चालू असला की हात उगाच ऐटीत चालतो, मोठा ब्रश, लांब फटकारा, जिथे दोन नंबरचा बारीक ब्रश घेऊन गुपचूप बसायला हवं तिथे. ऑर्डरचं काम शूट करू नका. रीलसाठी वेगळं छोटं चित्र काढा, पोस्टकार्ड साइझचं, बिघडलं तर बिघडलं.

पाचवं: विकणं, म्हणजे दुकानाच्या वेळा

रात्री पावणेबाराला मेसेज येतो, 'ताई जागी आहेस का, बॅकग्राउंड पिंक करता येईल?' तुम्ही एकदा उत्तर दिलं की त्या माणसाच्या डोक्यात तुमचं शटर रात्री पावणेबारापर्यंत वर असतं, आणि नंतर कधी उत्तर नाही गेलं तर तो चिडणार. त्याची काही चूक नाही, सवय आपणच लावली.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कामाच्या वेळा टाका आणि वेळेबाहेर आपोआप जाणारा मेसेज लिहून ठेवा. हा असाच्या असा उचलला तरी चालेल:

'नमस्कार! मेसेजबद्दल थँक्यू. ऑर्डरचे मेसेज मी सोमवार ते शनिवार ११ ते १ आणि ५ ते ६ ह्या वेळेत बघते. दर आणि लागणारा वेळ कॅटलॉगमध्ये दिलाय. फोटो, साइझ आणि कधी हवंय एवढं पाठवून ठेवा, पुढच्या वेळेत नक्की उत्तर देते.'

इन्स्टाच्या डीएममध्ये, म्हणजे तिथल्या मेसेजमध्ये, भाव करायचाच नाही. तिथे एकच उत्तर, 'ऑर्डरसाठी ह्या नंबरवर मेसेज करा'. हे सेव्ह्ड रिप्लाय म्हणून ठेवता येतं, टाइप पण करावं लागत नाही. ज्याला खरंच हवंय तो येतो, नुसते प्राइस प्लीजवाले तिथेच गळतात, आणि गळू देत. दर सांगायला लाजू नका, कॅटलॉगमध्ये 'अमुकपासून पुढे' एवढं लिहिलं तरी निम्मे मेसेज वाचतात. निळ्या टिक बंद करा, लास्ट सीन बंद करा.

अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय पेन्सिल उचलू नका, आणि बदल किती वेळा करून देणार ते सुरुवातीलाच सांगा. मी पेन्सिल स्केचचा फोटो पाठवते, जे बदल हवेत ते तेव्हा, रंग लागल्यावर नाही.

फुकट मागणारे. एक्सपोजर देऊ, टॅग करू, आमचे एवढे फॉलोअर्स आहेत. मोठी भाषणं लिहायची गरज नाही, स्क्रीनशॉट स्टोरीला टाकून बदनामी करायची पण नाही, त्यात आपलाच दिवस जातो. 'तुमचा कार्यक्रम छान वाटतोय. मी मानधन घेऊनच काम करते, दर पाठवलेत. ह्या वेळी बजेट नसेल तर हरकत नाही.' संपलं. नातेवाइकांना हेच पाठवता येत नाही हे मान्य. आत्याला असं सांगा, 'अगं काढते की आत्या, पण आत्ता हातात दोन आहेत, गणपतीनंतर देते, आणि फ्रेमवाल्याचे पैसे तेवढे तू दे.' फ्रेमचे पैसे ऐकले की निम्म्या आत्या विसरतात.

आणि एक धोक्याचं, नवीन आर्टिस्टलाच हे जास्त घडतं. अचानक कोणीतरी भाव न करता तीन पेंटिंग घेतो म्हणतो, मी आर्मीत आहे, पोस्टिंगवर आहे, पेमेंट माझा माणूस करेल, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, स्कॅन पण करावं लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा, जितका लवकर तितके पैसे अडकवता येण्याची शक्यता जास्त.

सहावं: बघणं, स्टेशन ते स्टेशन

बघणं वाईट नाहीये. आपण सगळे बघूनच शिकलो. पण २००६ च्या सुमारास अझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणारं स्क्रोल काढलं, खाली गेलात तरी पान संपतच नाही, आणि त्याला स्वतःलाच नंतर त्याचं वाईट वाटलं, तसं तो जाहीरपणे बोललाय. म्हणजे शेवट अ‍ॅप देणार नाही, शेवट आपणच बाहेरून आणायचा.

मला सगळ्यात बरा शेवट ट्रान्स-हार्बरने, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलने, दिला. ठाण्याला गाडीत बसले की दिघा गावपर्यंत बघायचं, ऐरोली आलं की उतरायचंच आहे, फोन पर्समध्ये. तुम्ही वाशी किंवा नेरुळपर्यंत जात असाल तर रबाळे ते तुर्भे धरा, बाकी प्रवासात स्केचबुक. दुपारच्या गाडीत समोर झोपलेली माणसं म्हणजे फुकटचं मॉडेल, मान टाकलेली, तोंड उघडं, हात पिशवीच्या बंदात अडकवलेला. फक्त कोणी टक लावून बघायला लागलं तर पान उलटा आणि खिडकी काढा. घरून काम करणाऱ्यांकडे स्टेशन नाही, त्यांनी कुकर लावून बघा, तीन शिट्ट्या झाल्या की बंद. हसू नका, अ‍ॅपचा टायमर हाताने 'आज दुर्लक्ष करा' दाबून उडवता येतो, कुकरकडे दुर्लक्ष करून दाखवा.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा. फीडला 'फॉलोइंग' निवडा, म्हणजे फक्त ज्यांना फॉलो करताय त्यांचंच आणि नवीन ते वर असं दिसतं. सजेस्टेड पोस्ट तीस दिवसांसाठी बंद ठेवता येतात, दर महिन्याला परत कराव्या लागतात, कॅलेंडरला लावून ठेवा. आणि लाईकचे आकडे लपवा, हे २०२१ पासून सगळ्यांना मिळतं, दुसऱ्यांचे पण लपवता येतात आणि आपल्या पोस्टचे पण. मेनूच्या जागा हे लोक सारख्या बदलतात, सापडलं नाही तर सेटिंगच्या वरच्या सर्चमध्ये टाइप करा.

आणि म्यूट शिका. अनफॉलो नको, ठाण्यातलं आर्ट सर्कल केवढंसं, काला घोड्याला नाहीतर उपवनच्या आर्ट फेस्टिव्हलला तीच माणसं समोर येणार, मग 'काय गं, अनफॉलो केलंस'. म्यूट केलेलं कोणाला कळत नाही. तुमच्याच वर्गातली मैत्रीण, तिचं सोलो प्रदर्शन लागलं, तिचं चित्र विकलं गेलं, आणि प्रत्येक पोस्ट बघून तुमच्या पोटात खड्डा पडतोय, तर तिला म्यूट करा आणि महिन्यातून एकदा फोन करून खरंखुरं अभिनंदन करा. फोनवर बोलताना कळतं की फ्रेमिंगचा खर्च निघाला नाहीये तिचा पण.

सातवं: कमेंट, चोरी, एआय

'हे तर माझा पाच वर्षांचा मुलगा काढेल' ला उत्तर देऊ नका. इन्स्टाच्या हिडन वर्ड्स सेटिंगमध्ये नको ते शब्द टाकून ठेवा, मराठीतल्या शिव्या स्वतः टाइप करून टाकाव्या लागतात, अ‍ॅपला आपल्या सगळ्या शिव्या येत नाहीत. ओळखीतला त्रासदायक माणूस असेल तर ब्लॉकऐवजी रिस्ट्रिक्ट करा, त्याची कमेंट फक्त त्यालाच दिसत राहते आणि तुम्ही ऑनलाइन आहात का हे त्याला कळत नाही.

चित्र चोरीला गेलं तर आधी हे माहीत असू द्या की स्वतःहून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट तुमचाच आहे, पैसे घेऊन ऑर्डरवर काढलेल्याचा मात्र, वेगळं ठरलं नसेल तर, ऑर्डर देणाऱ्याचा असतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्र काढल्या क्षणी तो हक्क मिळतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. मूळ फोटो, स्टेप्सचे फोटो, तारखा जपून ठेवा, अ‍ॅपमध्ये कॉपीराइट रिपोर्टचा फॉर्म असतो, तो भरा आणि कामाला लागा. दिवसभर त्या पेजवर जाऊन भांडणं हा परत 'बघणं' मध्येच मोडणारा प्रकार आहे. एआयचं म्हणाल तर मेटाने स्वतःच सांगितलंय की पब्लिक पोस्ट ते एआय शिकवायला वापरतात. त्यामुळे सगळंच्या सगळं टाकायची गरज नाही, काही कामं फक्त प्रत्यक्ष दाखवायला ठेवा. शिकागो युनिव्हर्सिटीवाल्यांचं ग्लेझ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, चित्राची शैली एआयला नीट उचलता येऊ नये म्हणून, पण त्याला बऱ्यापैकी कॉम्प्युटर आणि पेशन्स लागतो. डिजिटलवाल्यांनी जरूर बघावं, कागदावर काम करणाऱ्यांनी सध्या नाही बघितलं तरी चालेल.

झोप उडतेय, जेवण जात नाहीये, ब्रश हातात घ्यायचीच भीती वाटायला लागली असं असेल तर तो सेटिंगचा विषय राहिला नाही. घरात कोणाला तरी सांगा, आणि सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत पण बोलता येतं.

आठवं: सीझनमध्ये नियम सैल करा, पण तारीख टाकून

गणपतीला मखराचे बॅकड्रॉप, दिवाळीला पणत्या आणि हाताने रंगवलेले कंदील, ह्या दिवसांत मेसेज दुप्पट येतात आणि तेव्हा 'मी ११ ते १ च बघते' करून चालणार नाही. वर्षाचा कागदांचा खर्च त्यात निघतो. तेव्हा वेळा वाढवा, स्टोरी रोज टाका, सगळं करा, फक्त कधी परत आवरणार ती तारीख आधीच भिंतीवर लिहा, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची लिहा. आणि शेवटची ऑर्डर कधीपर्यंत घेणार ते बायोमध्ये टाका. त्यानंतर येणाऱ्याला नाही म्हणायचं, तो कितीही ओळखीचा असला तरी. इन्स्टाचा क्वाएट मोड भिंतीवरच्या त्या तारखेला सुरू करा, नोटिफिकेशन थांबतात आणि मेसेज करणाऱ्याला तसं आपोआप कळतं.

नववं: गिऱ्हाईकांची यादी आपल्याकडे ठेवा

फॉलोअर्स इन्स्टाकडे असतात, आपल्याकडे नाही. अकाउंट हॅक झालं की गेलं सगळं. म्हणून ज्याने कधी एक पोस्टकार्ड जरी घेतलं त्याचं नाव, नंबर आणि काय घेतलं हे एका जाड वहीत. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच मेसेज पोचतो, त्यामुळे चित्र हातात देतानाच सांगायचं, 'माझा नंबर सेव्ह करा हं, नवीन काम आलं की पाठवते'. महिन्यातून एकदाच पाठवा, चार फोटो आणि दर. रोज पाठवलं तर तुम्ही पण गुड मॉर्निंगवाल्या काकांमध्ये जमा.

त्याच वहीत प्रत्येक ऑर्डरसमोर एक रकाना, कुठून आलं. इन्स्टा, ओळख, क्लास, स्टॉल. तीन-चार महिन्यांनी तो रकाना वाचा आणि मग वेळ वाटा. रीलवर आठवड्याचे सहा तास जातायत आणि रकान्यात सगळीकडे 'सोसायटीतल्या जोशी काकूंच्या ओळखीने' लिहिलंय, तर त्या सहा तासांचं काय करायचं ते तुमचं तुम्हीच ठरवा. मी तरी ते स्टॉलला लावीन. बेलापूरचं अर्बन हाट आहे, वाशीला सिडकोच्या एक्झिबिशन सेंटरमध्ये काही ना काही चालू असतं, आणि सगळ्यात सोपं म्हणजे घोडबंदर रोडच्या मोठ्या सोसायट्यांची दिवाळी प्रदर्शनं. ती चौकशी गणपतीच्या आसपासच सुरू करा, नंतर कोपऱ्यातलं लिफ्टजवळचं टेबल मिळतं. टेबल, चादर आणि लाइट त्यांचा की आपला हे आधी विचारून घ्या, एक्स्टेन्शन बोर्ड मात्र आपलाच न्या, आणि सुट्टे पैसे.